तीनशे चौसष्ट दिवस

आपल्यापैकी ज्यांची मुले अमेरिकेत ग्रीनकार्डावर आहेत, त्यांना ३६४ हा आकडा माहीत असावा.

तिथल्या १९९६ च्या केंद्रीय कायद्याने चोरी किंवा मारहाणीसाठी एक वर्षाची शिक्षा झालेला परदेशी नागरिक हद्दपारीस पात्र ठरू लागला; पूर्वी ही मर्यादा पाच वर्षांची होती. शिक्षा स्थगित असली, माणूस एक रात्रही तुरुंगात राहिला नसला, तरी सुटका नाही. काही गुन्ह्यांत तर तेवढी शिक्षा होऊ शकते, एवढेच पुरे.

परक्याला देशात ठेवायचे की नाही, हे राज्यांच्या हाती नव्हते. दंडसंहिता मात्र त्यांचीच. वॉशिंग्टन राज्याने २०११ मध्ये किरकोळ गुन्ह्यांची कमाल शिक्षा ३६५ वरून ३६४ दिवसांवर आणली. (आम्हा होमिओपॅथांना मात्रेचे असे बारीक हिशेब परके नाहीत.) कॅलिफोर्नियात रिकार्डो लारा यांच्या विधेयकाने २०१५ पासून तेच केले, न्यूयॉर्कने २०१९ मध्ये.

कॅलिफोर्नियाने पुढे हा बदल जुन्या शिक्षांनाही लावला. केंद्राच्या स्थलांतर अपील मंडळाने २०१८ मध्ये तो मानण्यास नकार दिला. २०१५ पूर्वी दोषी ठरलेल्यांचे ३६५ केंद्राच्या हिशेबी ३६५ च राहिले.