पिट्यूटरीची मोठी गाठ : नाकातून दुर्बिणीने ऑपरेशन कसं होतं?

चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, तरी बाजूने येणारी मोटारसायकल दिसत नाही. डोकंही सारखं दुखतं. अशा वेळी दोष डोळ्यांत नसून पिट्यूटरी ग्रंथीत असू शकतो.

मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मागे असलेली ही वाटाण्याएवढी ग्रंथी शरीरातल्या बऱ्याच हार्मोन्सवर ताबा ठेवते. तिच्यात होणारी गाठ बहुतेक वेळा कॅन्सरची नसते. मात्र ती १ सेंटिमीटरच्या पुढे वाढत वर सरकली, की डोळ्यांच्या नसांवर दाब येतो आणि दोन्ही बाजूंची नजर कमी होते. ४ सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ महाकाय मानतात.

प्रत्येक गाठीला ऑपरेशन लागत नाही. प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ बहुधा गोळ्यांनीच आकसते. म्हणून एमआरआयसोबत रक्तातल्या हार्मोन्सची तपासणी हवीच. बाळंतपण नसताना दूध येणं, पाळी थांबणं या गोष्टी बायकांनी संकोचाने लपवू नयेत.

नाकातून या गाठीपर्यंत जाणारं पहिलं ऑपरेशन १९०७ साली ऑस्ट्रियात हर्मन श्लोफर यांनी केलं. १९९० च्या दशकात दुर्बीण रुळली. नाकपुडीतून सुमारे ४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण घालून, मागचं पातळ हाड उघडून गाठ तुकड्या-तुकड्यांनी काढतात. कवटी उघडावी लागत नाही. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला बिलगली असेल, तर थोडी मागे ठेवावी लागते; तिच्यावर लक्ष ठेवतात किंवा रेडिएशन देतात.

ऑपरेशननंतर नाकातून पाण्यासारखं गळू लागलं किंवा लघवी खूप वाढली, तर लगेच दवाखाना गाठा. काही आठवडे नाक शिंकरणं, खाली वाकणं, ओझं उचलणं बंद. त्यामुळे सजदा आणि वजूत नाकात पाणी घेणं, याबद्दल डॉक्टरांना आधी विचारा. तोवर नमाज बसून, इशाऱ्याने पढता येते. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर रोजा मनाने ठेवू नका. गोळी अचानक बंद करणं जिवावर बेतू शकतं.

नगर जिल्ह्यात लोणी आणि विळद घाट इथे मेडिकल कॉलेजची रुग्णालयं आहेत. पहिली तपासणी तिथल्या नेत्रविभागात करता येईल. मुंबईच्या केईएममध्ये न्यूरोसर्जरी आणि हार्मोन्सचा असे दोन्ही विभाग आहेत. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा.

नसांवरचा दाब जितका लवकर निघेल, तितकी नजर परत येण्याची आशा जास्त. अचानक तीव्र डोकेदुखी होऊन दिसेनासं झालं, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.