कृत्रिम मूत्रपिंडाची जन्मकथा आणि तिचें जतन

मनुष्याचा एखादा अवयव निकामी झाला असतां त्याचें काम यंत्राकडून करून घ्यावें, ही कल्पना एके काळीं कथा-कादंबऱ्यांतच शोभणारी वाटे. आज ती रुग्णालयांतील नित्याची गोष्ट झाली आहे. परंतु नित्याच्या झालेल्या गोष्टीचें एक दुर्दैव असतें : ती घडविण्यास काय किंमत पडली हें लोक लवकर विसरतात. कृत्रिम अवयवांचा इतिहास फार जुना नाहीं. तथापि त्याचीं साधनें प्राचीन राजवंशांच्या साधनांहून अधिक नाशवंत आहेत. ताम्रपट जमिनींत शतकानुशतकें टिकतो. रबराची नळी मात्र थोड्याच वर्षांत तडकते, सेलोफेन ठिसूळ होतें, आणि जुनें यंत्र नवें येतांच मोडींत निघतें.

ही हानि किती मोठी आहे हें कृत्रिम मूत्रपिंडाच्या कथेवरून चांगलें ध्यानांत येतें. निरोगी शरीरांत मूत्रपिंडें रक्तांतील युरियासारखीं त्याज्य द्रव्यें बाहेर टाकीत असतात. तीं थांबलीं म्हणजे विष रक्तांतच सांचूं लागतें व रोगी बेशुद्ध होऊन मरण पावतो. पातळ पडद्याच्या एका बाजूस रक्त व दुसऱ्या बाजूस मिठाचें पाणी ठेवलें, तर युरियासारखीं द्रव्यें पलीकडे जातात. रक्तपेशी व प्रथिनें मागें राहतात. पडद्याच्या योगें द्रव्यें अशीं वेगळीं करण्याचें तत्त्व टॉमस ग्रॅहॅम या रसायनशास्त्रज्ञानें १८६१ मध्येंच विशद केलें होतें. १९१३ मध्यें अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें जॉन एबल व त्यांचे सहकारी यांनीं त्या तत्त्वावर रचलेलें यंत्र कुत्र्यांवर चालवून पाहिलें. रक्त गोठूं नये म्हणून त्यांस जळवांच्या डोक्यांतून काढलेला अर्क वापरावा लागे. पुढें १९२४ मध्यें जर्मनींतील गीसन येथें गेओर्ग हास यांनीं मनुष्यावर पहिला प्रयोग केला. परंतु वैद्यकाच्या धुरीणांकडून त्यांस उत्तेजन मिळालें नाहीं. १९२८ नंतर त्यांनीं तें काम सोडून दिलें, आणि दीर्घकाळ त्यांचें नांवहि फारसें कोणी घेईना.

यानंतरचा अध्याय हॉलंडांत घडला. १९११ मध्यें लायडन येथें जन्मलेले विलेम कोल्फ हे ग्रोनिंगेन येथील रुग्णालयांत काम करीत असतां, मूत्रपिंडें बिघडलेला एक बावीस वर्षांचा तरुण त्यांच्या डोळ्यांदेखत मरण पावला. त्याच्या रक्तांतून रोज थोडासा युरिया काढून टाकतां आला असता तर तो जगला असता, हा विचार कोल्फ यांच्या मनांतून जाईना. १९४० मध्यें जर्मन सैन्यानें देश व्यापला. कोल्फ यांचे यहुदी गुरु प्राध्यापक पोलाक डॅनिएल्स यांनीं पत्नीसह आत्मघात केला, आणि त्यांच्या जागीं नाझी विचारांचा मनुष्य नेमला गेला. तेव्हां कोल्फ ग्रोनिंगेन सोडून १९४१ मध्यें कांपेन या लहानशा गांवच्या रुग्णालयांत आले.

युद्धामुळें सामानाचा दुष्काळ होता. गांवांतील एनॅमल-कारखान्याचे चालक बेर्क यांच्या साह्यानें कोल्फ यांनीं यंत्र उभें केलें. लाकडी पट्ट्यांच्या आडव्या पिंपाभोंवतीं त्यांनीं सेलोफेनची लांबच लांब नळी गुंडाळली. मांसाचे सॉसेज भरण्यासाठीं खाटीक वापरीत तीच ही नळी. पिंपाचा खालचा भाग मिठाच्या पाण्याच्या टाकींत बुडालेला असे. पिंप फिरूं लागलें कीं नळींतील रक्त वेढ्यावेढ्यांनीं पुढें सरके व वाटेंत आपलें विष पाण्यास देई. फिरत्या पिंपांत रक्त नेणारा सांधा फोर्ड मोटारीच्या पाण्याच्या पंपावरून घेतलेला होता. जळवांच्या अर्काऐवजीं आतां हेपॅरिन हें औषध हातीं आलें होतें.

मार्च १९४३ मध्यें एका २९ वर्षांच्या स्त्रीवर हें यंत्र प्रथम योजिलें गेलें. बारा वेळां तिचें रक्त शुद्ध करण्यांत आलें. परंतु शेवटीं सुई घालण्याजोगी रक्तवाहिनीच उरली नाहीं, आणि ती दगावली. पहिल्या पंधरा रुग्णांपैकीं एकच वांचला; तोहि कदाचित् यंत्राशिवाय वांचला असता, अशी प्रांजळ कबुली कोल्फ यांनींच दिली आहे. अखेर सप्टेंबर १९४५ मध्यें एक ६७ वर्षांची स्त्री मूर्च्छित अवस्थेंत आणली गेली. शत्रूशीं सहकार्य केल्याच्या आरोपावरून ती कैदेंत होती. कोल्फ यांच्यापुढें मात्र ती केवळ एक रुग्ण होती. सुमारें साडेअकरा तासांच्या उपचारानंतर ती शुद्धीवर आली, आणि पुढें कित्येक वर्षें जगली.

इतिहासकार येथें थबकतो. या एका यशाचीच नोंद उरली असती, तर कृत्रिम मूत्रपिंड हा एका रात्रींतला चमत्कार ठरला असता. परंतु कोल्फ यांनीं १९४४ मध्यें, युद्ध चालू असतांनाच, आपल्या यंत्राची हकीकत प्रसिद्ध केली, आणि १९४६ मध्यें ग्रोनिंगेन विद्यापीठास त्याच विषयावरील प्रबंध सादर केला. युद्ध संपतांच त्यांनीं तयार यंत्रें लंडन, माँट्रियल व न्यूयॉर्क येथें पाठविलीं. त्यांच्या आराखड्यांवरून बॉस्टन येथें सुधारलेलें यंत्र तयार झालें. अपयशाचा हिशेब लपविला नाहीं, म्हणूनच दुसऱ्यांस तेथून पुढें पाऊल टाकतां आलें.

कोल्फ १९५० मध्यें अमेरिकेस गेले. १९५५ मध्यें कृत्रिम अवयवांच्या अभ्यासकांचा अमेरिकन संघ स्थापन झाला. त्याचे पहिले अध्यक्ष तेच होते. मूत्रपिंडानंतर संशोधकांचें लक्ष हृदयाकडे वळलें. एप्रिल १९६९ मध्यें ह्यूस्टन येथें डॉ. डेंटन कूली यांनीं डोमिंगो लिओता यांच्यासह घडविलेलें कृत्रिम हृदय एका रुग्णाच्या छातींत बसविलें. सुमारें ६४ तास त्यानें रुग्णास जगविलें. तें हृदय आज वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहांत आहे. परंतु तें मूळ कोणाच्या प्रयोगशाळेंतलें, यावरून डॉ. कूली व डॉ. मायकेल डीबेकी यांच्यांत दीर्घकाळ वैर राहिलें. कांचेच्या कपाटांतील हृदय त्या वादाबद्दल अवाक्षर बोलत नाहीं. त्यासाठीं टांचणें, पत्रव्यवहार व प्रत्यक्ष काम केलेल्यांच्या जबान्याच हव्यात.

ही उणीव ओळखून उपर्युक्त संघानें स्मिथसोनियनचें राष्ट्रीय इतिहास-संग्रहालय व अमेरिकेचें राष्ट्रीय वैद्यक-ग्रंथालय यांच्याशीं सहकार्य करून 'प्रोजेक्ट बायॉनिक्स' हा उपक्रम हातीं घेतला. यंत्रें, कागदपत्रें व आद्य संशोधकांच्या मुलाखती अशा तिन्ही साधनांचें रक्षण व्हावें, हा त्याचा हेतु. मुलाखतींची निकड विशेष होती, कारण साक्षीदार एकेक करून जात होते. कोल्फ स्वतः ९७ वर्षें जगून फेब्रुवारी २००९ मध्यें निवर्तले.

त्यांच्या जन्मगांवीं, लायडनच्या बूरहाव्हे संग्रहालयांत, कृत्रिम मूत्रपिंडाचें तें पिंप पाहावयास मिळतें. पाहणाऱ्यास तें एखाद्या धुलाईच्या यंत्रासारखें वाटण्याचा संभव आहे. कांपेनच्या नोंदी वाचून जो त्याच्यापुढें उभा राहील, त्यास मात्र त्या लाकडी पट्ट्यांमागें सोळा जणांच्या उशाशीं काढलेल्या रात्री दिसतील. त्या रुग्णांस यंत्रानें जीवदान दिलें नाहीं. यंत्रास मात्र त्यांनीं पुढची दिशा दाखविली. आज जगभर ज्यांचें रक्त अशा यंत्रांतून शुद्ध होऊन परत शरीरांत जातें, त्या सर्वांवर त्यांचें ऋण आहे. जीं दप्तरें नीट राखलीं जातील, त्यांतच या ऋणाची नोंद राहील.