साबीकाठचे रिकामे रान

मुलीच्या नोकरीमुळे जोहान्सबर्गला जाणे झाले आणि तिच्याच हट्टामुळे साबी सँड या खासगी अभयारण्यातल्या एका लॉजमध्ये तीन रात्री काढल्या. चंद्रपूरच्या शाळेत इतिहास शिकवण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला तो थाट नवाच होता. एका रात्रीचे भाडे माझ्या महिन्याच्या पेन्शनहून जास्त. खोलीतल्या माहितीपत्रकात लिहिले होते, 'माणसाचा स्पर्श न झालेले रान'.

दुसऱ्या दिवशी पहाटे बिबट्याचा माग काढताना जीपच्या बॉनेटवरच्या खुर्चीतले शांगान गृहस्थ खाली उतरले. गवतात एक दगड होता, पाट्यासारखा घासून खोलगट झालेला. "इथं बायका धान्य वाटायच्या," ते म्हणाले. "कोणाच्या?" मी विचारले. "आमच्याच." मग ते पुन्हा बिबट्याकडे वळले. मी मात्र त्या दगडापाशीच राहिलो.

त्या दगडाचा इतिहास असा. 1898 मध्ये पॉल क्रूगरच्या ट्रान्सवाल सरकारने साबी राखीव क्षेत्र जाहीर केले. बोअर युद्धानंतर, 1902 मध्ये, ब्रिटिशांनी जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन यांना तिथे वॉर्डन नेमले. त्यांनी सुरुवातीलाच तिथल्या वस्त्या उठवल्या. लोकांनी त्यांना नाव दिले 'स्कुकुझा', म्हणजे झाडून साफ करणारा. आज क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या मुख्य ठाण्याला तेच नाव आहे. पर्यटक ते कौतुकाने उच्चारतात. त्यातला झाडू कुणाला दिसत नाही.

1926 मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा कायदा झाला, तेव्हा सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि पश्चिमेकडची काही खासगी शेते बाहेर राहिली. त्याच वर्षी चार्ल्स वार्टी आणि फ्रँक उंगर यांनी तिथले 'स्पार्टा' हे शेत शिकारीसाठी विकत घेतले. पुढे तेच लोंडोलोझी लॉज झाले. बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली ती 1970 च्या दशकात. 1993 मध्ये क्रूगर आणि साबी सँड यांच्यामधले कुंपण काढले गेले. जनावरांना वाट मोकळी झाली.

माणसांचे काय? 1913 च्या जमीन कायद्याने कृष्णवर्णीयांसाठी देशातली जेमतेम 7 टक्के जमीन राखली होती. उरलेली विकत घेण्याचा मार्गच त्यांना बंद झाला. त्यामुळे रान 'खासगी' कुणाचे होणार, हे तिथेच ठरले होते. क्रूगरच्या उत्तर टोकाच्या माकुलेके लोकांना 1969 मध्ये बळाने हलवण्यात आले. वर्णभेदी राजवट गेल्यावर, 1994 च्या कायद्याने, 19 जून 1913 नंतर हिरावलेल्या जमिनीवर दावा करता येऊ लागला. माकुलेकेंना 1998 मध्ये सुमारे 24,000 हेक्टर परत मिळाले. त्यांनी तिथे नांगर धरला नाही. रान रानच ठेवले आणि लॉजचालकांशी करार केले. साबी सँडमधले मालामाला सरकारने 2013 मध्ये सुमारे 100 कोटी रँड मोजून घेतले आणि दावेदार समूहाला दिले. लॉज चालू राहिले.

मला यातून एक गोष्ट उमगली. जमीन परत मिळाली की लोक जंगल तोडतील, ही भीती या दोन ठिकाणी तरी खोटी ठरली.

आमच्या ताडोबातूनही बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे हलली. तिथे मोबदला आणि पुनर्वसन होते. दोन्ही गोष्टी एका तराजूत घालणे बरोबर नाही. पण मी वर्षानुवर्षे मुलांची सहल ताडोबात नेली आणि वाघच दाखवला. उठलेल्या गावांची नावे एकदाही फळ्यावर लिहिली नाहीत.

निघताना अभिप्रायाच्या वहीत मी बिबट्याबद्दल दोन ओळी लिहिल्या. तिसरी त्या दगडाबद्दल लिहिली: इथे माणसे राहत होती.