घाटवाटेवरल्या जोडप्यांची रात्रीची आगबोट

पन्हाळ्याच्या ईशान्येस, वारणेच्या खोऱ्यात वसलेल्या कोडोलीचा समुद्राशी काही संबंध असेल, ही कल्पना आज सहसा कोणाच्या मनात येत नाही. कारण उसाच्या मळ्यांनी वेढलेल्या या मुलखातील माणूस मुंबईस निघाला, की त्याची पावले आपोआप पूर्वेकडील हमरस्त्याकडे अथवा कोल्हापूरच्या स्टेशनाकडे वळतात. परंतु कोल्हापूर–मिरज लोहमार्ग १८९१ साली सुरू होण्यापूर्वी कित्येक शतके या प्रदेशाचे जगाशी असलेले दळणवळण पश्चिमेकडील घाटवाटांनी आणि त्यांच्या पायथ्याच्या बंदरांनी सांभाळले होते.

मलकापूरवरून आंबा घाटाने साखरप्यास व तेथून रत्नागिरीस, किंवा अणुस्कुऱ्याने राजापूरच्या खाडीकडे, अशा या वाटा होत्या. त्यांनी गूळ, तंबाखू, मिरची खाली उतरे आणि मीठ, नारळ, सुकी मासळी वर चढे. नाक्यानाक्यावर जकात घेतली जाई. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतील इंग्रज तोफा व दारूगोळा घेऊन थेट किल्ल्याखाली येऊन ठेपले, आणि पुढल्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूरवर चालून जाऊन त्या आगळिकीची शिक्षा त्यांना दिली. बंदर आणि हा डोंगरी मुलूख एकमेकांच्या किती निकट होते, याचा याहून ठसठशीत पुरावा शोधावा लागत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घाटांतून गाडीरस्ते झाले आणि किनाऱ्यावर आगबोटी नियमाने फिरू लागल्या, तेव्हा या जुन्या वाटेस नवे आयुष्य लाभले. शेफर्ड कंपनीची, पुढे बाँबे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची आगबोट मुंबई व गोवा यांच्या दरम्यान हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जाई. पुष्कळ ठिकाणी ती किनाऱ्यास लागत नसे. खोल पाण्यात उभ्या राहिलेल्या बोटीपर्यंत उतारूंना पडावातून नेले जाई, आणि लाटेवर पडाव वर उचलला गेला की खलाशाने दिलेला हात धरून शिडीवर पाऊल टाकावे लागे. पावसाळ्यात ही मुंबई–गोवा वाहतूक बंद राही आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत झाला, की बंदरे पुन्हा गजबजत.

या वाटेवरील उतारूंत एक वर्ग मला विशेष महत्त्वाचा वाटतो, आणि तो म्हणजे नवविवाहित जोडप्यांचा. लग्नानंतर कुलदैवताच्या दर्शनास जाण्याचा रिवाज आपल्याकडे दृढ आहे, आणि कोडोलीपासून जवळच असलेला जोतिबा हे घाटावरील तसेच कोकणातील अनेक घराण्यांचे दैवत. त्यामुळे मुंबईत पोटापाण्यास गेलेल्या कोकणी माणसाने गावाहून पत्नीसह डोंगर चढून जोतिबास व अंबाबाईस येणे आणि परत रत्नागिरीस उतरून बोट धरणे, हा एक स्वाभाविक क्रम होता. खांद्यावर वळकटी, डोक्यावर गाठोडे, हाती फिरकीचा तांब्या आणि फडक्यात दशम्या, एवढ्याच सरंजामावर हा प्रवास होई. पाठीवर पिशवी टाकून जोडीने भटकणे ही आजच्या तरुणांची नवी हौस आहे, असे समजणाऱ्यांनी त्या वाटेचे स्मरण अवश्य करावे.

डेकवर जागा राखून ठेवलेली नसे. ज्याची सतरंजी आधी पसरली, त्याची ती जागा. एंजिनाची धडधड, कोळशाचा वास आणि बोट लागून व्याकूळ झालेली माणसे यांच्यामध्ये रात्र काढणे सुखाचे होते, असे मी म्हणणार नाही. तथापि ज्या एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्यांच्या देखत नवराबायकोने एकमेकांशी चार शब्द बोलणेही अमर्याद समजले जाई, त्या कुटुंबातून आलेल्या दांपत्यास अपरिचितांच्या त्या गर्दीत पहिल्यांदाच निःसंकोच बोलण्याची, एकमेकांची काळजी उघडपणे घेण्याची मुभा मिळत असली पाहिजे. मोठमोठ्या सुधारकांनी लेखणीने जे मागितले, त्याचा अल्पसा अंश या प्रवासाने बिनबोभाट देऊन टाकला, अशी माझी श्रद्धा आहे.

या किनाऱ्यावरील बोटवाहतुकीस अपघातांचे गालबोटही लागले: ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या बोटी बुडाल्या, तर १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेल्या ‘रामदास’ बोटीसह सहाशेंहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्योत्तर काळात ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ यांनी ही परंपरा पुढे चालवली. पण एसटीचे जाळे पसरत गेले आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस ही सेवा थांबली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर तिची उणीव भासेनाशी झाली. २०१८ साली मुंबई–गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ हे पर्यटन जहाज आले खरे; मात्र डेकवर सतरंजी पसरणाऱ्या सामान्य उतारूसाठी ते नव्हते.

रस्ता आणि रेल्वे यांनी वेळ वाचवला, हे निर्विवाद आहे. परंतु राज्याला एवढा मोठा किनारा लाभला असताना सामान्यांच्या खिशाला परवडणारी रात्रीची बोट नसावी, हे मला आपल्या सार्वजनिक जीवनातील मोठे वैगुण्य वाटते. ती पुन्हा सुरू व्हावी. आणि कोल्हापूर जिल्ह्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी किल्ल्यांच्या व संस्थानाच्या प्रकरणांबरोबर घाट उतरून समुद्रापर्यंत गेलेल्या या साध्या जोडप्यांचेही एक प्रकरण त्यात अवश्य घालावे.