कात्री, काडी आणि डोळा : दिंडोरीच्या द्राक्षछाटणीचा इतिहास

दिंडोरी हे नाव इतिहासप्रेमींना एका तारखेमुळे ठाऊक असते : १७ ऑक्टोबर १६७०. सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर परतणाऱ्या छत्रपती शिवाजी महाराजांची वाट दाऊदखान कुरेशीने वणी-दिंडोरीच्या परिसरात अडवली आणि मराठ्यांनी उघड्या मैदानात मोगली फौजेला हरवले. त्याच मुलखात आज ऑक्टोबर उजाडला की निराळ्याच पात्यांचा आवाज येतो. तो सिकेटरचा, म्हणजे छाटणीच्या कात्रीचा. या कात्रीलाही इतिहास आहे. फक्त तो कोणत्या बखरीत सापडत नाही.

चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादेस आला. तेथील द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. भूमध्य सागराकडच्या माणसाला याचे नवल वाटणे स्वाभाविक होते. त्याच्या प्रदेशात थंडी पडली की द्राक्षवेल पाने गाळते, झोपी जाते आणि वसंतात जागी होते; मग वर्षाचे एकच पीक. दख्खनमध्ये तेवढी थंडीच नाही. इथली वेल बारमाही हिरवी राहते, वाढतच जाते आणि तशीच सोडली तर फळापेक्षा लाकूडच अधिक देते. म्हणून युरोपात जे काम हिवाळा करतो, ते इथे माणसाला करावे लागते. वेलीला झोपवायचेही त्यानेच आणि उठवायचेही त्यानेच.

यातून दख्खनची दोन छाटण्यांची पद्धत आली. फळ उतरल्यावर एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. नावाप्रमाणेच ती निर्दय असते : ओलांड्यावरच्या जुन्या काड्या जवळजवळ मुळापासून काढल्या जातात आणि बाग उघडी-बोडकी दिसू लागते. पुढे उन्हाळ्यात फुटलेल्या काड्या पावसाळ्यात पक्व होतात आणि ऑक्टोबरच्या आगेमागे त्यांच्यावर गोडी बहार छाटणी होते. एप्रिलच्या फुटीवर फळ धरले तर ते ऐन पावसात पिकते, आंबट राहते आणि तडकते. ऑक्टोबरनंतरचे फळ मात्र कोरड्या थंडीत आणि स्वच्छ उन्हात गोड होते. इब्न बतूताने पाहिलेल्या दोन पिकांपैकी एक जाणूनबुजून सोडून द्यायचे आणि दुसरे साधायचे, असा हा व्यवहार आहे.

यातली खरी गंमत डोळ्यात आहे. काडीवरच्या फुगीर कळीला बागाईतदार ‘डोळा’ म्हणतात. ऑक्टोबरमध्ये फुटणाऱ्या डोळ्यात घड असेल की नुसतीच बाळी, याचा निकाल त्याआधी पाच महिने, मे-जूनच्या उन्हात लागलेला असतो. त्याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. त्या काळात काड्यांची गर्दी झाली, डोळ्यांना ऊन मिळाले नाही, की पुढचे सारे वर्ष हातचे गेले. म्हणून उन्हाळ्यात काड्यांची विरळणी होते, शेंडा खुडला जातो आणि त्यातून फुटलेली ‘सबकेन’ राखली जाते. ऑक्टोबरमध्ये जाणकार छाटणारा त्या सबकेनच्या गाठीशी थांबतो. फलधारी डोळा बहुधा तिथेच असतो. सरळ काडी असेल तर हिशेब निराळा. आता छाटणीपूर्वी काड्यांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासून कितव्या डोळ्यावर कापायचे ते ठरवतात. पूर्वी हे काडीच्या जाडीवरून, रंगावरून आणि बोटांच्या सवयीवरून ठरे. आजही हजारो काड्यांपैकी प्रयोगशाळेत जातात त्या मूठभरच, बाकीच्यांचा निर्णय मांडवाखाली उभा असलेला माणूस क्षणात घेतो. एक डोळा जास्त कापला गेला, तर तो घड वर्षभर परत येत नाही.

मांडव मात्र फार जुना नव्हे. तारेचे मांडव येण्यापूर्वी पश्चिम महाराष्ट्रात द्राक्षवेल जिवंत पांगाऱ्याच्या आधाराने चढवीत. पांगारा फांदी रोवली तरी लागतो आणि झपाट्याने वाढतो; म्हणजे माळ्याला वेल छाटावी लागे, तसा वेलीवर सावली धरणारा आधारही छाटावा लागे. नाशिक जिल्ह्यातल्या आधुनिक द्राक्षशेतीची सुरुवात दिंडोरीच्या शेजारच्या ओझरला, १९२५ मध्ये, रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी केली असे मानले जाते. भोकरी, पंढरी साहेबी या बियांच्या जाती तेव्हा चालत. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघ स्थापन झाला आणि त्यानंतरच्या दशकांत थॉमसन या बिनबियांच्या जातीने चित्र पालटले. तास-ए-गणेश आणि सोनाका हे तिचेच निवडीने मिळालेले भाईबंद. वेगळी निघालेली काडी ओळखून जपणाऱ्या शेतकऱ्यांनी, सांगली-सोलापूरकडे, ते शोधले.

कात्रीचा उगम फ्रान्समधला. सिकेटरच्या शोधाचे श्रेय एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बेर्त्राँ द मोलव्हिल या उमरावाला दिले जाते. राज्यक्रांतीच्या काळात तो सोळाव्या लुईचा मंत्री होता. त्याआधी तिथले द्राक्षमळेवाले वाकड्या पात्याचा चाकू वापरीत, आपल्याकडच्या कोयत्याचाच तो धाकटा भाऊ. कात्रीला दोन बाजू असतात : एक धारेचे पाते आणि एक बोथट आकडा. पाते नेहमी वेलीवर राहणाऱ्या भागाकडे आणि आकडा टाकून द्यायच्या भागाकडे धरायचा, हा पहिला धडा. उलटे धरले तर राहणारी काडी चेचते आणि जखम भरत नाही. दुसरा धडा असा की डोळ्याला चिकटून काप घ्यायचा नाही. काप वरून खाली सुकत येतो, म्हणून डोळ्याच्या वर थोडी काडी राखायची. रोगट वेलीवरून निरोगी वेलीकडे जाताना पाते पुसून निर्जंतुक करायचे, हा तिसरा. घाईत सर्वांत आधी विसरला जातो तोही हाच.

जखमेवर औषध लावण्याची कल्पना मात्र आपल्याकडे फार जुनी आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’तल्या वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात सांगितले आहे की झाडाचा रोगट भाग आधी शस्त्राने साफ करावा, मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा. विसाव्या शतकात अमेरिकेचे अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडे चिरून दाखवले की झाड जखम बुजवत नाही, तर तिच्याभोवती आतून भिंत उभारते. त्यामुळे मोठ्या वृक्षांवर लेप देण्याचा आग्रह ओसरला. दिंडोरीच्या बागेत तो टिकून आहे, त्याला कारण बुरशी. इथला लेप बोर्डोचा, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा. त्याची कथा चोरांपासून सुरू होते. बोर्डोजवळ रस्त्याकडेच्या वेलींवर, वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून, हे निळे मिश्रण शिंपडत. नेमक्या त्याच वेली केवडा रोगातून वाचल्याचे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानी आले आणि १८८५ मध्ये त्याने तो उपाय जाहीर केला. केवड्याची धास्ती नाशिककरांना समजावून सांगावी लागत नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळाच्या पावसाने कोवळ्या फुटीवर काय केले, ते अनेक बागांना आठवते.

ऑक्टोबरच्या छाटणीमागोमाग दुसरे काम येते, ते पेस्टचे. डोळे एकदम आणि सारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. थंडीने जे जागेपण आले असते, ते हे रसायन आणते. काडीगणिक, डोळागणिक हाताने लावायचे हे काम आहे आणि ते पुष्कळदा स्त्रिया करतात. हे द्रव्य कातडी भाजते. शिवाय ते अंगात गेले असता मद्य घेतल्यास चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, श्वास कोंडतो. म्हणून हातमोजे हवेत आणि कामाच्या आदल्या-पुढच्या दिवसांत दारू वर्ज्य. हे डब्यावर छापलेले असते. पण डबा उघडणारा आणि पेस्ट लावणारा नेहमी एकच नसतो, आणि लावणाऱ्याला ते वाचून दाखवले जातेच असे नाही.

हे हात कोणाचे? बहुतांशी पेठ, सुरगाणा आणि दिंडोरीच्याच पश्चिम डोंगरपट्ट्यातल्या कोकणा, वारली, महादेव कोळी कुटुंबांचे. टोळीने यायचे, एकराच्या उक्त्यावर काम घ्यायचे, बागेतल्या शेडमध्ये राहायचे आणि दिवसभर मान वर, हात वर करून मांडवाखाली उभे राहायचे. उक्ते म्हटले की वेग आला. डोळे मोजायचे म्हटले की सावकाशी आली. मालक आणि टोळी यांच्यातली बहुतेक कुरबूर या दोहोंमधलीच असते. कडवा नदीवरच्या धरणांनी आणि कालव्यांनी तालुक्याचा पूर्वभाग हिरवा केला, मोहाडीसारख्या गावांतून द्राक्षे युरोपला जाऊ लागली, एका वाइनच्या बाटलीवर तर दिंडोरीचेच नाव चढले. जातींना नावे मिळाली, छाटणाऱ्यांची नोंद कुठे झाली नाही. आणि ज्या आठवड्यांत कात्रीला सर्वाधिक मागणी असते, त्याच सुमारास पेठ-सुरगाण्यात भात आणि नागली कापणीला येतात. टोळी उशिरा आली तर बागाईतदार हवालदिल होतो. वेळेवर आली तर घरचे भात म्हाताऱ्या माणसांवर पडते.

पेस्ट लागल्यानंतर आठ-दहा दिवसांनी डोळे फुगतात, कापसासारखे दिसतात आणि हिरवे टोक बाहेर येते. काडीत घड होता की नव्हता, ते थोड्याच दिवसांत कळते. तोवर टोळी दुसऱ्या गावच्या मांडवाखाली पोहोचलेली असते.