एक ‘व्हेरी’ कमी

सरकारी नोकराच्या पत्रिका दोन. पहिली जन्मल्यावर जोशीबुवा मांडतात, दुसरी दर वर्षी साहेब मांडतो. पहिली निदान उघडून वाचता येते. दुसरीचं नावच मुळी गोपनीय अहवाल! माहिती आपलीच, आणि ती गोपनीय कुणापासून, तर आपल्यापासून. या एका कागदाने आपल्या कचेऱ्यांना जेवढा अभिनय शिकवला, तेवढा कुठल्या नाटक मंडळीनेही शिकवला नसेल.

माझ्या नोकरीच्या काळात मार्च उजाडला, की माणसं ओळखू येत नसत. एरवी साडेअकराला उगवणारे गृहस्थ साहेबाच्या आधी हजर. खुर्चीच्या पाठीला कोट टांगून चहाला जाण्याची विद्या तेव्हा विशेष बहरात येई. कोट जागेवर म्हणजे माणूस जागेवर! फाइल काखेत मारून व्हरांड्यातून लगबगीने चालणं, हे दुसरं शास्त्र. फायलीत काय आहे ते कुणी विचारत नाही. चाल तेवढी मंदावता कामा नये.

पण त्या बिचाऱ्यांनी तरी काय करावं? शेरा वाईट असेल तरच तो कळवायचा, अशी रीत. म्हणजे काही कळलं नाही, की सगळं क्षेम आहे असं समजून माणूस पेढे आणायच्या तयारीला लागायचा.

देव दत्त हे सीमा सडक संघटनेत कार्यकारी अभियंता होते. १९९३-९४ च्या अहवालात त्यांना शेरा मिळाला ‘गुड’. आता ‘गुड’ म्हणजे काही शिवी नव्हे, म्हणून तो त्यांना कुणी कळवला नाही. पण अधीक्षक अभियंता व्हायला पाच वर्षं ओळीने ‘व्हेरी गुड’ हवं होतं. एक ‘व्हेरी’ कमी पडलं आणि मागून आलेले पुढे गेले. पर्वतात रस्ते बांधणाऱ्या खात्यातला माणूस अडला तो एका विशेषणाला!

ते कोर्टात गेले. उच्च न्यायालयात हरले. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की बढती अडवत असेल तर ‘गुड’ हा शेराही प्रतिकूलच. आणि बरा असो वा वाईट, प्रत्येक शेरा नोकराला कळवलाच पाहिजे. त्यांचा शेरा त्यांना दाखवून म्हणणं मांडायची संधी द्या, असाही हुकूम झाला. तोवर देव दत्त निवृत्त झाले होते.

२००९ साली केंद्र सरकारने अहवालाच्या नावातून ‘गोपनीय’ हा शब्दच काढून टाकला. आता अहवाल दाखवतात आणि तक्रारीला पंधरा दिवस देतात. पत्रिका वाचायला मिळाली म्हणून शनी हलतो असं नाही. पण शांत कुठल्या ग्रहाची करायची, एवढं तरी कळतं.