रस्ता कुठे चुकला?

परवा चौथीतला भाचा वही आपटून म्हणाला, "मामा, मला चित्रं येतच नाहीत." वहीत तेच आपलं अखिल भारतीय निसर्गचित्र: दोन त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य, झोपडी आणि पार डोंगरापर्यंत एकाच रुंदीचा रस्ता. खाली लाल शेरा, 'रस्ता चुकला'. कसा चुकला, ते कोणीच सांगितलेलं नाही.

मग लॅपटॉपवर माझं एक लाडकं चित्र उघडलं. हॉबेमा नावाच्या डच चित्रकाराने १६८९ साली काढलेला मिडलहार्निस गावाकडे जाणारा रस्ता. मूळ चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. सपाट मुलूख, मधोमध मातीचा रस्ता, दुतर्फा उंच सडपातळ झाडं, कुत्र्याला घेऊन येणारा एक माणूस. बस्स.

प्रिंट काढून भाच्याच्या हातात पट्टी दिली. झाडांचे शेंडे जोडले, रेष खाली उतरली. बुंधे जोडले, रेष वर चढली. दोन्ही क्षितिजावर एकाच ठिकाणी भेटल्या.

"तिथे काय आहे?"

"बघणाऱ्याच्या डोळ्याची उंची."

खरं सांगतो, फर्स्ट इयरला ड्रॉइंगच्या शीटवर मी असे बिंदू ढिगाने काढले होते. मार्कही मिळाले. पण ती उंची आपल्याच डोळ्याची असते, हे डोक्यात शिरलं नव्हतं!

इटलीतल्या अल्बेर्तीने १४३५ च्या सुमारास चित्रकलेवर पुस्तक लिहिलं. त्यात तो म्हणतो, चित्राची चौकट ही उघडी खिडकी समजा. आम्ही ते शब्दशः घेतलं. एक डोळा मिटून, मान न हलवता, भाच्याने खिडकीच्या काचेवर मार्करने खालचा रस्ता आणि विजेचे खांब गिरवले. (ताईचा ओरडा मी खाल्ला.) मग त्याला स्टुलावर उभं केलं, तर काचेवरचा रस्ता बाहेरच्या रस्त्याशी जुळेचना. तो चढ-उतर करून हसत बसला.

असो. हॉबेमाबद्दल मला जास्त आपुलकी वाटते ती वेगळ्याच कारणाने. १६६८ पासून तो ॲमस्टरडॅममध्ये वाईनची मापं तपासायची नोकरी करत होता. त्यानंतर त्याची चित्रं कमी झाली, पण हे चित्र नोकरीत वीसेक वर्षं काढल्यावरचं आहे. सोमवारी सकाळी मला हे आठवतं.

आणि एक्स-रे काढल्यावर कळलं की अगदी पुढे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, त्याने आणखी एकेक झाड काढलं होतं. नंतर रंगाखाली बुजवून टाकलं.

"म्हणजे याने पण खोडलं?" भाच्याने विचारलं. आणि दप्तरात खोडरबर शोधायला लागला.